करवली आणि पाठराखीण

वर्तमानपत्र उघडले की 'पाठराखण' हा शब्द कुठे ना कुठे भेटतोच. एखाद्या पक्षाने आपल्या नेत्याची पाठराखण केलेली असते, एखाद्या वरिष्ठाने आपल्या हाताखालच्या माणसाची. चुकलेल्याला पाठीशी घालणे, असा थोडा वासही आता या शब्दाला लागला आहे. लढाईत मागची बाजू सांभाळणारा तो पाठराखा, हा अर्थ जुना आहेच. पण मराठी घरांत या शब्दाचे एक स्त्रीलिंगी रूप होते आणि त्याचा अर्थ अगदी नेमका होता. लग्न लागल्यावर नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरची एक बाई तिच्यासोबत जाई. ती पाठराखीण. आज क्रियापद शिल्लक आहे, बाई मात्र गेली.

तिच्या उलट गत करवलीची. करवली अजून प्रत्येक लग्नात आहे. एकसारख्या साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या चार-पाच बहिणी-मैत्रिणी नवरीभोवती उभ्या राहून फोटो काढून घेतात. शहरांत तर आता त्यांना 'ब्राइड्समेड' म्हणण्याचीही पद्धत पडू लागली आहे. पण करवलीने नेमके करायचे काय, असे विचारले तर 'मिरवायचे' यापलीकडे उत्तर मिळत नाही. एकीचे नाव राहिले आणि काम गेले. दुसरीचे काम शब्दापुरते राहिले आणि तीच गेली. या दोघी मिळून पूर्वी एक जबाबदारी पार पाडत. ती कोणती होती, कशी घडली आणि कशी विरली, हे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

सूर्येची सोबतीण

नवरीसोबत कोणीतरी जायचे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले ८५वे सूक्त विवाहसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात सूर्येचे सोमाशी लग्न लागते. वरपक्षाच्या बाजूने अश्विनीकुमार आहेत. नवरीचा गाडा, तिची उशी, तिचे वस्त्र अशी एकेक वस्तू सांगताना कवी तिच्या सोबतिणींचाही उल्लेख करतो. तेथे दोन शब्द येतात : 'अनुदेयी' आणि 'न्योचनी'. चौदाव्या शतकातील भाष्यकार सायणाचार्य पहिल्याचा अर्थ नवरीच्या मनोरंजनासाठी तिच्याबरोबर दिली जाणारी समवयस्क मैत्रीण असा करतात आणि दुसऱ्याचा अर्थ तिच्या सेवेसाठी दिलेली दासी असा.

या सूक्तात आणखी एक गोष्ट आहे. सूर्येच्या या सोबतिणी हाडामांसाच्या बाया नाहीत. रैभी आणि नाराशंसी ही स्तुतिगीतांची नावे आहेत. म्हणजे देवाघरच्या नवरीला सोबत म्हणून गाणी दिली आहेत. सासरी जाताना माणूस सोबत नसेल तर निदान गाणे असावे, ही जाण इतकी जुनी आहे. जात्यावर बसून माहेर आठवणाऱ्या मराठी बायकांना ती वेगळी सांगावी लागली नसती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासरी गेलेल्या मुलीचे एकटेपण हा त्या ओव्यांचा एक मोठा विषय आहे.

अनुदेयी आणि न्योचनी या शब्दांनी एक भेद मात्र पहिल्यापासूनच करून ठेवला. नवरीबरोबर जाणारी बाई दोन प्रकारची : एक बरोबरीची, एक हुकुमाची. आणि सायणांचा अर्थ घेतला तर दोघीही 'दिल्या' जातात.

शर्मिष्ठेचे उदाहरण

हुकुमाच्या सोबतिणीचे काय होते, ते महाभारताच्या आदिपर्वाने सांगून ठेवले आहे. शर्मिष्ठा ही असुरराजा वृषपर्व्याची मुलगी, देवयानी ही त्याच्या गुरूची, शुक्राचार्यांची. वस्त्रांवरून दोघींचे भांडण होते, शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते आणि त्याची शिक्षा म्हणून तिला देवयानीची दासी व्हावे लागते. देवयानी ययातीशी लग्न करून निघते तेव्हा राजकन्या शर्मिष्ठा आपल्या हजार दासींसह तिच्यामागून चालू लागते. पुढे ययातीपासून तिला तीन मुलगे होतात आणि त्यातल्या धाकट्याच्या, पुरूच्या, वंशाला राज्य मिळते. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'मुळे (१९५९) ही कथा मराठी वाचकाला घरची झाली आहे. आपण ती प्रेमाची आणि वासनेची कथा म्हणून वाचतो. पण तिची सुरुवात एका लग्नाच्या पाठवणीत आहे. नवरीसोबत गेलेल्या बाईचे सासरी स्वतःचे असे स्थान काय, हा प्रश्न त्या कथेच्या मुळाशी आहे.

हे केवळ पुराण नव्हे. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींची, म्हणजे घरकामाच्या गुलाम बायकांची, खरेदी-विक्री नोंदलेली आहे. श्रीमंतांच्या घरी मुलीच्या लग्नात दागिने, भांडी, गुरे यांच्याबरोबर बटीकही आंदण म्हणून दिली जाई. १८४३च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलुखात गुलामीला न्यायालयांचा आधार उरला नाही आणि आंदणाच्या यादीतले हे नाव हळूहळू गळाले. सामान्य घरांत मात्र दासी द्यायला कधीच नव्हती. तिथे सोबतीची गरज नात्यातल्या बायकांनीच भागवली. करवली आणि पाठराखीण या दोघी अशा नात्यातून आल्या.

कऱ्याचे ओझे

आधी करवली. या शब्दाचे नाते कऱ्याशी जोडले जाते. करा म्हणजे पाण्याचे लहान मडके. अक्षय्यतृतीयेला करा-केळी पुजली जातात तोच. लग्नात तो मातीचा किंवा धातूचा असतो. त्यात पाणी, वर आंब्याची पाने, नारळ, आणि सोबत एक पेटता दिवा. हा करा-दिवा हातात धरून वराच्या मागे वराची बहीण उभी राहते आणि वधूच्या मागे वधूची. सख्खी नसेल तर चुलत, मावस, मामे. म्हणजे करवल्या दोन, दोन घरांच्या. आपल्याकडच्या करवलीचे हे पहिले वैशिष्ट्य. इंग्रजी पद्धतीत नवरीच्या मैत्रिणी एका बाजूला आणि नवऱ्याचे मित्र दुसऱ्या बाजूला उभे असतात. इथे वरामागेही बाईच उभी आहे.

लग्नाच्या दिवशी तिची कामे पहाटेपासून सुरू होतात. वराची उष्टी हळद वधूच्या घरी जाते, ती नेणाऱ्या सुवासिनींत ती असते. सीमांतपूजनाला, वराच्या मिरवणुकीत, मांडवाच्या दाराशी ती भावाच्या मागे असते. दिवा विझू द्यायचा नाही, करा खाली ठेवायचा नाही. मंगलाष्टके लांबली तर हात भरून येतात, पण ते बोलून दाखवायचे नसते. अंतरपाट दूर होऊन अक्षता पडल्या की अनेक घरांत ती कऱ्यातले पाणी वधूवरांच्या डोळ्यांना लावते. अंतरपाटाच्या दोन बाजूंना डोळे खाली घालून उभ्या राहिलेल्या दोघांची ती पहिली नजरानजर असते आणि त्या क्षणी तिसरी व्यक्ती कोण, तर करवली. पुढे शेल्याला उपरण्याची गाठ बांधायची वेळ आली की ती बहुधा तीच बांधते आणि त्याबद्दल तिला साडी किंवा खण मिळतो. नाव घ्यायला लाजणाऱ्या नवरीला 'घे ग, घे' म्हणून पुढे ढकलणारी, घास भरवताना चेष्टा करणारी, विहिणींच्या पंक्तीत कुणाचा मान राहिला ते आईच्या कानात सांगणारी तीच.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ साली निघाला. त्यात जातीजातींच्या लग्नविधींची तपशीलवार वर्णने आहेत. भटजी, वरबाप, मामा यांच्या कामांनी पाने भरली आहेत. वधूला मांडवात आणणारा मामा, लाजाहोमात बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालणारा आणि नवऱ्याचा कान पिळणारा भाऊ, यांच्या कामांना शास्त्राचा किंवा रूढीचा ठळक आधार आहे. करवलीच्या कामाला मंत्र नाही. तिने काय करायचे ते पोथीत नसते. आत्या, मोठी बहीण, शेजारची काकू तिला सांगते. म्हणून ते घराघरात थोडे वेगळे असते आणि म्हणूनच ते विसरलेही पटकन जाते.

एक अट मात्र कधी विसरली गेली नाही. करा धरणारी कुमारिका हवी नाहीतर सवाष्ण. विधवा बहिणीला भावाच्या लग्नात मागच्या खोलीत बसावे लागे. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितले. तेव्हा चर्चा झाली ती बांगड्या, कुंकू आणि मंगळसूत्राची. लग्नात करा कोण धरू शकते, हा प्रश्न त्याच ठरावाच्या पोटात आहे.

दार अडवणारी

वरात घरी येते. उंबऱ्यावर तांदळाचे माप ठेवलेले असते. नवरीने ते पायाने लवंडून आत यायचे. पण त्याआधी वराची बहीण दारात आडवी होते. 'तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का? मग सोडते दार.' भाऊ हसतो, 'दिली' म्हणतो, ओवाळणी टाकतो, दार उघडते. आज हा सगळा प्रकार थट्टेचा आहे. कधी कधी तर दार अडवणारीचेच लग्न झालेले नसते. मुलगा कुठला आणि सून कुठली!

पण ही थट्टा एका खऱ्या हक्काची आठवण आहे. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत आत्याच्या मुलाने मामाची मुलगी करावी, अशी रीत होती आणि काही ठिकाणी ती अजून आहे. इरावती कर्वे यांनी 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) या ग्रंथात भारताच्या नातेसंबंधांचा नकाशा मांडला. उत्तरेत अशी लग्ने निषिद्ध, दक्षिणेत ती पसंतीची, आणि महाराष्ट्र या दोन पद्धतींच्या सीमेवर. इथे मामाची मुलगी चालते. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेही जवळच्या नात्यातली लग्ने निषिद्ध ठरवताना, जिथे तशी रूढी आहे तिथे मोकळीक ठेवली.

या पार्श्वभूमीवर दारातले ते वाक्य वेगळे ऐकू येते. दुसऱ्या घरी दिली गेलेली, किंवा उद्या दिली जाणारी, मुलगी भावाला म्हणते आहे : मी या घरातून गेले म्हणून माझे येणे संपले असे समजू नकोस. तू आज एक मुलगी आणलीस, उद्या एक माझ्याकडे पाठव. शेतीत वाटा नसलेल्या बहिणीने नात्यात मागितलेला हा वाटा होता. कायद्याने १९५६ साली मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस केले आणि २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. त्याआधी कितीतरी पिढ्या ती उंबऱ्यावर उभी राहून जे मागत होती, ते तिला मिळत असे ते थट्टेच्या भाषेतच.

आणि उंबऱ्याबाहेर कोण उभी आहे? हे सगळे ऐकणारी नवरी. तिच्या अजून न जन्मलेल्या मुलीचे लग्न तिच्या देखत ठरते आहे. आत पाऊल टाकण्याआधीच तिला कळते की या घरात तिच्याआधीची एक मुलगी आहे आणि तिचे म्हणणे ऐकले जाते. वराची करवली ही उद्याची नणंद. तिचा पाठिंबा मिळेल की नाही, यावर पुढची कितीतरी वर्षे अवलंबून असत. नवरीची स्वतःची करवली तर वरातीच्या वेळी मागे राहिलेली असते. तिचे काम मांडवातच संपले. इथून पुढे पाठराखिणीची पाळी.

चालते-बोलते पत्र

पाठराखीण कोण असे? मोठी बहीण, आत्या, मावशी, आजी, कधी घरातली जुनी कामवाली, कधी धाकटी बहीणसुद्धा. तिला कुमारिका किंवा सवाष्ण असण्याची गरज नव्हती, कारण तिचे काम धार्मिक नव्हते. ज्या विधवा आत्येला मांडवात जागा नव्हती, तिला भाचीसोबत परक्या घरी जायला कोणी हरकत घेत नसे. शुभकार्य संपले की तिची गरज सुरू होई.

तिचे काम समजायचे तर एकोणिसाव्या शतकातल्या नवरीचे वय आठवावे लागते. धर्मशास्त्राने आठ वर्षांची मुलगी ती गौरी, नऊची रोहिणी, दहाची कन्या अशी नावे देऊन ठेवली होती आणि त्यानंतर मुलगी घरात ठेवणे हा बापाला दोष. आनंदीबाई जोशी यांचे लग्न १८७४ साली झाले तेव्हा त्या ९ वर्षांच्या होत्या. रमाबाई रानडे १८७३ साली ११ वर्षांच्या असताना ३१ वर्षांच्या माधवरावांच्या घरी आल्या. लक्ष्मीबाई टिळकही लग्नात ११ वर्षांच्याच होत्या. एवढ्या मुलीला परक्या घरात रात्री अंधाराची भीती वाटते. कोणती वस्तू कुठे आहे ते माहीत नसते. भूक लागली तर कोणाला सांगायचे ते कळत नाही. परसाकडे जायचे तरी विचारायचे कोणाला?

ही सगळी कामे पाठराखिणीची. रात्री शेजारी झोपणे, सकाळी न्हाऊ घालणे, वेणी घालणे, जेवताना ताटात काय पडते याकडे लक्ष ठेवणे, कोण कसे आहे ते हळूच समजावून सांगणे. सासूने काही विचारले तर मुलीच्या वतीने उत्तर देणे. ती पाहुणी असल्यामुळे तिच्यासमोर सासरची माणसे थोडी जपून वागत. चार-आठ दिवसांनी ती परत निघे तेव्हा नवरीचे खरे रडे तेव्हा सुरू होई. मांडवातले रडणे रीतीचे असते. हे एकटे पडल्याचे.

आणि परत गेल्यावर ती आईला सांगे. मुलीला लिहिता येत नव्हते, येत असले तरी कागद कोण देणार, पत्र कोण टाकणार? पाठराखीण हे तिचे चालते-बोलते पत्र होते. सासू कशी आहे, जावई कसा आहे, पोर जेवते का, याची पहिली खबर माहेरी तिच्याकडून कळे. त्यावरून सणाला मूळ लवकर पाठवायचे की थांबायचे, ते ठरे.

ही सोबत कधी कधी लांबतही असे. गोपाळराव जोशींची अलिबागला बदली झाली तेव्हा आनंदीबाईंची आजीही त्यांच्याबरोबर गेली. नवऱ्याच्या शिक्षणाच्या हट्टापुढे ती मुलगी अगदीच एकटी नव्हती, हे या आजीमुळे कळते. रमाबाईंना मात्र पुण्याच्या घरात नवरा शिकवत होता आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्या शिकण्याला विरोध करत होत्या. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात तो ताण त्यांनी संयमाने सांगितला आहे. तिथे तिच्या बाजूने बोलायला माहेरचे कोणी नव्हते. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये सासऱ्यांचा धाक आणि त्याखाली दबलेली सून दिसते. लक्ष्मीबाई ते विनोदाने सांगतात, हे त्यांचे मोठेपण. वाचताना मात्र वाटत राहते की या मुलीसोबत कोणी असायला हवे होते.

वय वाढले, सोबत सुटली

पाठराखिणीचे सगळ्यांत अवघड काम कोणी लिहून ठेवले नाही. लग्न लहानपणी झाले तरी मुलगी न्हातीधुती झाल्यावर ऋतुशांती होई आणि मग नवऱ्याच्या खोलीत पाठवली जाई. त्या वेळी बारा-तेरा वर्षांच्या मुलीला कोण काय सांगणार? पुन्हा एखादी मावशी, एखादी आजी. आणि दाराशी तिचे राखणे संपे.

या दाराच्या आत कायद्याने पहिल्यांदा डोकावले ते १८९१ साली. बंगालमध्ये फुलमणी दासी नावाची सुमारे अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. बेहरामजी मलबारी यांनी १८८४पासून बालविवाहाविरुद्ध चळवळ चालवली होतीच. संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा १० वरून १२ वर नेली. पुण्यात त्यावरून मोठे वादळ झाले. लोकमान्य टिळकांचा 'केसरी' विरोधात, आगरकरांचा 'सुधारक' बाजूने, डॉ. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राचाच आधार घेऊन सुधारकांची बाजू मांडली. गर्भाधान हा संस्कार कधी व्हावा, यावर पंडितांनी पाने भरली. त्या मुलींना काय वाटते, हे ज्यांना ठाऊक होते त्या पाठराखिणींना कोणी साक्षीला बोलावले नाही.

एका मुलीने मात्र स्वतःच साक्ष दिली होती. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते, पण त्या सासरी गेल्याच नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या वाढल्या, शिकल्या. नवऱ्याने दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. नवरीसोबत सासरी जाऊन तिची पाठ राखणे, ही जुनी रीत. तिला नको असेल तर जाऊ न देता तिची पाठ राखणे, ही नवी रीत. ती या घराने दाखवली आणि समाजाचा रोषही सोसला.

त्यानंतर वय कायद्याने आणि शाळेने वाढवत नेले. १९२९च्या सारडा कायद्याने मुलीचे वय १४ केले, १९४९ साली ते १५ झाले, १९७८ साली १८. शिकलेली, वीस-बावीस वर्षांची मुलगी लग्न करून गेली की तिच्याबरोबर आजी कशाला हवी? तिला पत्र लिहिता येत होते, पुढे फोन करता येऊ लागला. नवराबायको शहरातल्या दोन खोल्यांत राहायला जाऊ लागली. तिथे पाठराखिणीला झोपायला जागाही नव्हती. पाठराखीण गेली ती चांगल्या कारणाने गेली, हे आधी मान्य केले पाहिजे. तिचे असणे हे नवरीच्या असहायतेचे माप होते.

नवरी बोलू लागली

करवली असो की पाठराखीण, दोघींच्या कामाचे मूळ एकच होते : नवरीने बोलायचे नाही. कन्यादानात ती दिली जाते, मंगलाष्टके दुसरेच म्हणतात, उखाण्यात ती नवऱ्याचे नाव घेते. तिच्या वतीने बोलायला, बघायला, आठवण ठेवायला म्हणून या दोघी.

हे मूळच बदलावे, असे जोतीराव फुल्यांना वाटले. सत्यशोधक समाजाची स्थापना सप्टेंबर १८७३मध्ये झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात भटजीशिवाय पहिले सत्यशोधक लग्न लागले. पुढे फुल्यांनी या लग्नविधीसाठी जी मंगलाष्टके रचली, ती वधूवरांच्या संवादाची आहेत. त्यांत वधू वराला स्त्रियांच्या हक्कांबद्दल विचारते आणि वर सर्वांसमोर शब्द देतो. अंतरपाटाच्या पलीकडून नवरीचा आवाज ऐकू यावा, ही कल्पना त्या काळात किती धीट होती, हे वेगळे सांगायला नको. करवलीच्या हातात करा तसाच राहिला असता तरी तिचे निम्मे काम त्या दिवशी हलके झाले.

साक्ष

मग आता करवलीने करायचे काय? इंग्लंडात १७५३च्या कायद्यापासून लग्नाला पाद्र्याखेरीज दोन साक्षीदार लागतात आणि नवरीची मैत्रीण पुष्कळदा त्यांतली एक असते. फुलांचा गुच्छ सांभाळण्यापलीकडे तिची सही हे तिचे खरे काम. आपल्या हिंदू विवाह कायद्याने सप्तपदीचे सातवे पाऊल महत्त्वाचे मानले. करवलीचे नाव त्यात नाही. पण १९५४च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करून लग्न करणाऱ्यांना तीन साक्षीदार आणावे लागतात. नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसून सही करणारी नवरीची बहीण किंवा मैत्रीण ही एका अर्थी नव्या काळाची करवलीच. करा नाही, दिवा नाही, पण ती तिथे होती हे कागदावर कायमचे राहते.

पाठराखिणीची गरज मात्र अजून संपलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. ऊसतोडीला जाण्याआधी, दुष्काळात, मोठ्या बहिणीच्या मांडवातच धाकटीचे उरकून टाकताना झालेली ही लग्ने आहेत. या मुली आजीविना जातात. बालविवाहाची चाल राहिली आणि तिला थोडी सुसह्य करणारी पाठराखीण तेवढी गेली, असे त्यांच्या वाट्याला आले आहे.

आणि मोठ्या वयात लग्न केलेल्यांचे काय? १९८३ आणि १९८६ साली कायद्यात दुरुस्त्या झाल्या. लग्नानंतर सात वर्षांच्या आत सासरी छळ होऊन मुलीने जीव दिला किंवा हुंड्यासाठी छळ होऊन तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर सासरच्यांवर गृहीतकाचा भार टाकणाऱ्या त्या दुरुस्त्या होत. म्हणजे पहिली सात वर्षे धोक्याची आहेत हे कायद्यालाही ठाऊक आहे. पण अशा खटल्यांत प्रश्न पुन्हा तोच येतो : तिने कोणाला सांगितले होते? कोणी पाहिले होते? आई-वडील सांगतात, 'फोनवर ती सगळे ठीक आहे म्हणायची.' फोन सासरच्या स्वयंपाकघरातून केला तर ती दुसरे काय म्हणणार? पाठराखीण तिथे बसून पाहत असे. फोनला ते जमत नाही.

म्हणून लग्नाच्या तयारीत, साड्या कोणत्या रंगाच्या घ्यायच्या हे ठरवताना, करवलीला आणखी एक काम सोपवावे असे सुचवावेसे वाटते. करा-दिवा तिने धरावाच, दारही हसत हसत अडवावे. पण नवरीच्या बाजूच्या करवलीने महिन्याभराने आणि मग सहा महिन्यांनी बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या सासरी जावे, एक रात्र राहावे आणि तिच्याशी एकटीशी बोलून यावे. सासरच्यांना त्यात वावगे वाटायचे कारण नाही. त्यांच्या आज्या-पणज्यांसोबतही कोणीतरी आलेच होते. आणि ज्या दिवशी वराकडची करवली, म्हणजे नणंद, वहिनीला म्हणेल की तुझी बहीण येणार असेल तर माझ्या खोलीत झोपू दे, त्या दिवशी उंबऱ्यावरच्या त्या जुन्या मागणीलाही नवा अर्थ येईल.